एकपदींचा मसावि काढताना या चुका टाळा

लालबागच्या चाळीत संध्याकाळी मी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते. मसाविच्या, म्हणजे महत्तम सामाईक विभाजकाच्या धड्यात सगळ्यात जास्त चुका होतात त्या घातांकांपाशी (अ³ मधला ३ तो घातांक). १८अ³ब² आणि २४अ²ब⁴ या एकपदींचा, म्हणजे एकाच पदाच्या राशींचा मसावि मुलं हमखास ६अ³ब⁴ लिहितात. त्यातला ६ बरोबर आहे, पण घातांक मोठे उचललेत. ती रीत लसाविची, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्याची. 'महत्तम' म्हणजे सगळ्यात मोठा, मग घातांकही मोठाच हवा, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून मी आधी नियम सांगतच नाही, फोड करायला लावते:

१८अ³ब² = २×३×३×अ×अ×अ×ब×ब
२४अ²ब⁴ = २×२×२×३×अ×अ×ब×ब×ब×ब

आता वरच्या-खालच्या ओळींतल्या सारख्या अवयवांच्या जोड्या लावा. एक २, एक ३, दोन अ, दोन ब. मसावि ६अ²ब². वरच्या ओळीत ब दोनच आहेत, मग दोन्हींत मिळून सामाईक चार कुठून येणार?

नियम नुसता पाठ केलेली मुलं उलट चुकतात. घातांक लहान घ्यायचा, तर सहगुणकही (अक्षरांपुढची संख्या) लहानच, म्हणून १८अ²ब². पण १८ ने २४ ला भाग जात नाही. सहगुणकांचा मसावि वेगळा काढावाच लागतो.

१२अ²ब आणि २०अब²क यांत क एकाच राशीत आहे. चर्नी रोड फक्त पश्चिम रेल्वेवर, मस्जिद फक्त मध्य रेल्वेवर. गाडी बदलायला दादरसारखं दोन्हींवरचं स्टेशन गाठावं लागतं. क हे इथलं चर्नी रोड, त्याला मसावित जागा नाही. उत्तर ४अब. नुसत्या अ वर घातांक दिसत नाही म्हणून तोही गाळू नका, तिथे १ असतो.

७क्ष² आणि ५क्ष दिसले की 'मसावि १' लिहून मोकळं होऊ नका. ७ आणि ५ चा मसावि १ आहे, राशींचा क्ष.

उत्तर आलं की दोन्ही राशींना त्याने भागा, हे मी प्रत्येक गणिताला करून घेते. ६अ²ब² ने भागल्यावर ३अ आणि ४ब² उरतात, त्यांत सामाईक काही नाही. कोणी ६अब² काढला असता, तर ३अ² आणि ४अब² उरले असते आणि राहून गेलेला अ लगेच दिसला असता. भागच गेला नाही, तर मसावित काहीतरी जास्तीचं घुसलंय.

पुढे अवयव पाडताना ६अ² + ३अ मधून ३अ बाहेर काढला, की कंसात २अ + १ येतं. तो १ विसरू नका.