ट्रिप होऊ द्या: सिम्युलेटरवर ऑपरेटर शिकवताना

प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर बावीस वर्षं शिफ्ट केली, आता सिम्युलेटरवर, म्हणजे प्लांटची नक्कल करणाऱ्या कॉम्प्युटरवर, नवे ऑपरेटर शिकवतो. माझी पद्धत सांगतो.

पोरांना बसवण्याआधी तुमच्या प्लांटमधले दोन जुने बोर्ड ऑपरेटर सिम्युलेटरवर बसवा आणि नेहमीसारखं स्टार्टअप करू द्या. "इथं प्रेशर एवढ्या लवकर चढत नाही" असं ते म्हणाले की लिहून घ्या, मॉडेल दुरुस्त करून घ्या. उपकरणांचे टॅग नंबर, ग्राफिक्स, अलार्मच्या मर्यादा कंट्रोल रूममधल्याच हव्यात. चुकीच्या मॉडेलवर लागलेली सवय सुटता सुटत नाही.

पहिला धडा मी बॉयलरचा देतो. ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होणाऱ्या टाकीची, लेव्हल मॅन्युअलवर ठेवायची आणि वाफेची मागणी एकदम वाढवायची. प्रेशर पडतं, पाण्यातले बुडबुडे फुगतात, लेव्हल चढताना दिसते. नवा ऑपरेटर हमखास फीडवॉटर, म्हणजे ड्रमला जाणारं पाणी, कमी करतो. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी घटत असतं. थोड्याच वेळात लेव्हल कोसळते आणि बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. होऊ द्या. मधे एक शब्द बोलू नका. सुरुवातीला मी लगेच थांबवायचो. पोरं मान डोलवायची आणि आठवड्यानं तीच चूक करायची.

मग वाफेचा फ्लो, फीडवॉटरचा फ्लो आणि लेव्हल यांचे ट्रेंड एकाच पडद्यावर लावा आणि एवढंच विचारा, "या मिनिटाला तुला काय वाटलं होतं?" बहुतेक वेळा तो स्वतःच चुकलेल्या जागी बोट ठेवतो. सराव तासाभराचा असेल तर या बोलण्यालाही तासभर द्या. नंतर स्नॅपशॉट, म्हणजे आधी साठवलेली प्लांटची स्थिती, लोड करून तोच प्रसंग पुन्हा.

त्यानंतर चुकीचं दाखवणारी उपकरणं. यावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. 1979 मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र बंद करण्याचा सिग्नल गेला एवढंच सांगत होता. 2005 मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्टार्टअप चालू असताना टॉवर भरत गेला आणि लेव्हल मोजणारा ट्रान्समीटर ती उतरताना दाखवत राहिला. 15 माणसं गेली. म्हणून लेव्हलचं रीडिंग गुपचूप गोठवा. ऑपरेटर आत किती येतंय, बाहेर किती जातंय हा हिशोब मांडतो का? साइट ग्लास, म्हणजे आतली लेव्हल थेट दाखवणारी काच, बघायला फील्डला, म्हणजे प्लांटमध्ये फिरणाऱ्या माणसाला, सांगतो का? फील्डचा माणूस शेजारच्या खोलीत वॉकी-टॉकी घेऊन बसवा, आणि त्याचं उत्तर लगेच देऊ नका. शिडी चढायला खऱ्या माणसाला वेळ लागतो.

अलार्मचा पाऊस, पंप ट्रिप, इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा) जाणं हे प्रसंग पुढे एकेक करून आणा, एकदम नकोत.

सरावाचे गुण बढतीला जोडू नका आणि साहेबांना मागे उभं करू नका. माणूस चूक लपवायला लागला की शिकणं तिथंच थांबतं.

जुन्यांनाही बसवा. मोठं शटडाऊन संपायच्या आधीच्या आठवड्यात मी प्रत्येक शिफ्टकडून पूर्ण स्टार्टअप करून घेतो, हँडओव्हरसकट, लॉगबुक लिहून. प्लांट वर्षानुवर्षं सुरळीत चालला असेल तर अनुभवी माणसाचाही स्टार्टअपचा हात गेलेला असतो.