हेम्पचं तेल, बी, भांग विकताय? या चुका टाळा

पुण्यातल्या एका तरुण विक्रेत्यानं हेम्पच्या, म्हणजे नशा अगदी कमी असलेल्या भांगेच्या झाडाच्या, बियांचं तेल बाजारात आणण्याआधी मला लॅबचा रिपोर्ट दाखवला. वर ठळक अक्षरांत ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी’. टीएचसी म्हणजे या झाडातलं नशा आणणारं द्रव्य. त्याच्या मते काम झालं होतं. मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

०.३ टक्के हा आकडा शेतातल्या पिकाचा. उत्तराखंडात हेम्पच्या शेतीचे परवाने मिळतात ते या मर्यादेवर. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२१चे निकष लागतात: बी, तेल आणि पीठ यांत किलोमागे ५ मिलीग्रॅम टीएचसी, पेयांत फक्त ०.२. आता गणित करा. ०.३ टक्के म्हणजे किलोला ३००० मिलीग्रॅम, म्हणजे परवानगीच्या ६०० पट! शेताचा रिपोर्ट बाटलीला चालत नाही तो यामुळे.

बियांच्या आत टीएचसी जवळपास नसतंच. ते असतं बीभोवतीच्या चिकट कोंड्यात. बी नीट पाखडलं नाही की तो चीक सालीला राहतो आणि घाण्यातून तेलात उतरतो. म्हणून नमुना तुमच्याच बॅचचा द्या, रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी ताडून पाहा आणि एकक वाचा. ‘आढळले नाही’ लिहिलं असेल तर यंत्र किती कमीपर्यंत मोजतं ते विचारा. किलोमागे १०० मिलीग्रॅमच्या खालचं त्याला दिसतच नसेल, तर त्या ओळीला काडीची किंमत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसतं पान येत नाही, तेवढं वाचून लोक होळीला भांगेच्या गोळ्यांच्या ऑर्डर घेतात. राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत हे खरं. पण आपल्याकडे १९४९चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगेची पानं, लहान देठसुद्धा मादक पदार्थ म्हणून धरले आहेत. वाराणसीत बिलासह घेतलेली गोळी नाशिकला पोचली की ती इथल्या कायद्याच्या कक्षेत येते. परवाना नसेल तर वेबसाइटवर महाराष्ट्राचे पिनकोड बंदच ठेवा.

पानांच्या अर्काचं तेल, म्हणजे ‘विजया’, हे अन्न नव्हे. ते आयुर्वेदिक औषध. बनवणाऱ्याकडे त्याच्या राज्याचा आयुष परवाना हवा आणि लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी-हिंदीत हवी. बियांचं तेल आणि विजया एकाच पानावर, एकाच वर्णनाखाली विकू नका. आणि ‘मधुमेह बरा होतो’, ‘कॅन्सरवर उपाय’ असलं तर अजिबात लिहू नका. १९५४चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा त्यासाठीच आहे, आणि असल्या ओळींवर विश्वास ठेवून एखादा रुग्ण आपलं औषध बंद करतो.

माल तपासणीत अडकलाच, तर त्या बॅचची विक्री त्याच दिवशी थांबवा. उरलेला माल दुसऱ्या दुकानात ढकलू नका. बियांचं खरेदी बिल, बॅचची नोंद आणि रिपोर्ट एका फाइलीत ठेवा. अधिकारी आधी तेच मागतात.

त्या मुलानं नवा नमुना पाठवला. टीएचसी किलोमागे ११ मिलीग्रॅम निघालं. त्यानं भरलेल्या बाटल्या बाजूला काढल्या आणि आता तो पोत्यात हात घालून, तळहातावर कोंडा चिकटतो का ते पाहूनच बी घेतो.