गुडघे दुखतात? आधी मांडीकडे बघा

माझ्या दोन्ही गुडघ्यांची गादी झिजली आहे, उजव्याची जरा जास्तच. वेदनाशामक गोळ्या पोटाला सोसत नाहीत, त्यामुळे बाकीच्या उपायांवरच भिस्त. त्यातला सगळ्यात गुणकारी उपाय नेमका सगळ्यात कंटाळवाणा आहे: मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम. हा स्नायू दुबळा झाला की चालताना बसणारे हादरे सांध्याला सोसावे लागतात. शिवाय झिजणाऱ्या कूर्चेला, म्हणजे गुडघ्यातल्या त्या गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलत राहिला तरच आतल्या वंगणातून तिचं पोषण होतं. म्हणून ‘दुखतंय ना, मग बसून राहा’ हा घरच्यांचा सल्ला मी ऐकत नाही.

खुर्चीत ताठ बसा. एक पाय सावकाश समोर सरळ करा, पाऊल आपल्याकडे ओढा. मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. मोठ्याने 5 आकडे मोजा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. मग पाय हळूहळू खाली. धपकन सोडलात तर निम्मा व्यायाम बुडाला! प्रत्येक पायाने 10 वेळा. सुरुवातीला 5 जमले तरी पुष्कळ. नंतर थोडं दुखेलच. दुसऱ्या दिवशीही वाढलेलं दुखणं उतरलं नाही, तर संख्या कमी करा, पण व्यायाम सोडू नका.

सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा 15-20 मिनिटं शेक घ्या, मग व्यायाम सोपा जातो. गुडघा सुजून गरम लागत असेल तर मात्र बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही. अशांनी शेक किंवा बर्फ डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. शेकता शेकता झोपू तर कुणीच नये.

काठी बहुतेक जण चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. पायात नेहमीची पादत्राणं घालून सरळ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा सोडायचा नाही.

खुर्ची उंच आणि हातांची असावी, कमोडशेजारी पकडायला दांडा. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की फार बरं वाटतं, पण रोज रात्रभर ठेवली तर गुडघा वाकलेलाच आखडतो. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

सांधा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा पडल्यावर पायावर भारच घेता येईना, तर हे उपाय करत बसू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सकाळचा आखडलेपणा रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर दुखण्याचं कारण झीज नसून दुसरंच असू शकतं, तेही तपासून घ्या.