इसार देण्याआधी घराचं मूल्यांकन

सौदा ५० लाखांना ठरला आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं घर ४४ लाखांचं लिहिलं, तर कर्जाचा हिशेब ४४ वरच होतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३५ लाख २० हजार. पदरचे १० लाख धरून चाललेल्याला १४ लाख ८० हजार उभे करावे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळीच. म्हणून इसार पावतीत एक ओळ घालून घ्या: मूल्यांकन कमी येऊन कर्ज अपुरं पडलं, तर इसार पूर्ण परत. विकणारा तयार नसेल तर इसार लहान ठेवा.

स्वतंत्र घराचा हिशेब साधारण असा: जागेची किंमत, अधिक बांधकामाची किंमत, वजा घसारा, म्हणजे बांधकाम जुनं झाल्यानं घटलेली किंमत. आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत १० टक्के धरतात. २० वर्षांच्या घराला ३० टक्के घसारा लागतो. १,००० चौरस फूट बांधकामाचा दर १,८०० रुपये धरला, तर १८ लाखांचे १२ लाख ६० हजार उरतात. गेल्या दिवाळीत केलेलं पीओपी आणि नवी फरशी यात फारशी दिसत नाही, हे विकणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं. जुन्या पेठांतल्या माळवदी घरात तर भाव जवळजवळ सगळा जागेचाच. त्यातही जुना भाडेकरू बसलेला असेल तर जागेचाही पूर्ण मिळत नाही.

आकडा पडतो तो बहुतेक कागदांमुळे. मंजूर नकाशा तळमजल्याचा आणि वर दोन खोल्या चढवलेल्या असतील, तर त्या खोल्या व्हॅल्युअर सहसा धरत नाही. हद्दवाढीत शहराला जोडलेल्या भागातल्या गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटला नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर फाईल तिथेच अडते. खाली यंत्रमाग आणि वर राहणं असेल, तर बँक ते निव्वळ राहतं घर मानायला कचरते. विकास आराखड्यातला रस्ता प्लॉटमधून जातो का, हे महापालिकेच्या भाग नकाशावरून आधी पाहा.

व्हॅल्युअरच्या भेटीच्या दिवशी विकणाऱ्यानं खरेदीखत, सिटी सर्व्हे उतारा किंवा सातबारा, मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, वापर परवाना, घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. चतुःसीमा खरेदीखताशी ताडून पाहिली जाते. खतात पूर्वेला एकाची मोकळी जागा लिहिलेली, आज तिथे दुसऱ्याचा बंगला, असं असेल तर शेजाऱ्याच्या उताऱ्याची प्रत जवळ हवी. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्याही. बंद खोली मोजली जात नाही. बोअरला पाणी असेल तर चालू करून दाखवा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्याला वजन आहे.

रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला जागेचा दर, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकून दिसतो. दर चौरस मीटरचा असतो; १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. इथेच भलेभले चुकतात. मुद्रांक शुल्क सौदा आणि रेकनर यांत जे जास्त त्यावर. सौदा ४० लाखांचा आणि रेकनर ४६ चा असेल, तर फरक १० टक्क्यांच्या वर गेल्यानं ते ६ लाख खरेदीदाराचं उत्पन्न धरलं जातं आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही ४६ लाखांवर मोजतात. खतात किंमत ‘कमी दाखवू’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला हा हिशेब करून दाखवा.

अहवाल कमी आला तर आधी तो बँकेकडून मागवून घेऊन वाचा. बाजारमूल्याच्या खाली वसुलीयोग्य आणि तातडीच्या विक्रीची, अशा आणखी दोन किमती असतात. त्या कमीच असतात, घाबरू नका. मग क्षेत्रफळ तपासा, गच्ची किंवा जिना सुटलाय का ते बघा. त्याच गल्लीतल्या गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन खरेदींची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या खताचा सरकारी गोषवारा, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून काढा आणि लेखी अर्जासोबत शाखेत द्या. चूक क्षेत्रफळाची असेल तर आकडा सुधारतो. नुसतं ‘भाव जास्त आहे हो’ म्हणून सुधारत नाही. तेव्हा दुसऱ्या बँकेत फाईल लावा, नाहीतर तोच अहवाल पुढ्यात ठेवून मालकाशी पुन्हा बसा.