डबिंगचं चिकट मेण: विकतचं, जुगाडाचं आणि घरी शिजवलेलं

मी माश्या बांधते असं सांगितलं की सोलापूरचे नातेवाईक आधी हसतात. मासे धरायचेत ना, मग माशी कशाला? तर आकड्यावर केस, पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा आणि तो ट्राउट माशाला खरा वाटायला लावायचा, असा हा उद्योग. इंग्रजीत फ्लाय टायिंग. मी राहते पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला. इथल्याच विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी 1947 साली या मासेमारीचा चक्क क्रेडिट कोर्स सुरू केला होता, त्यामुळे गावात मला कोणी हसत नाही. हिवाळाभर तळघरात बांधायच्या आणि मे-जूनमध्ये स्प्रिंग क्रीक या ओढ्यावर नेऊन झाडांना अडकवायच्या.

यातलं सगळ्यात वैतागाचं काम म्हणजे डबिंग. सशाच्या तोंडावरचे केस कातरून पिंजायचे, चिमूटभर घेऊन ताणलेल्या दोऱ्यावर वळायचे आणि ती केसाळ दोरी आकड्यावर गुंडाळायची, की किड्याचं अंग तयार. लहानपणी आजीने देवाच्या वाती वळायला शिकवल्या होत्या, तोच हात इथे चालतो. आजी बोटांना राख लावायची. पण कापूस कापसाला धरून राहतो, सशाचे राठ केस मात्र दोऱ्याला धरतच नाहीत. वळता वळता अर्धे मांडीवर, अर्धे चहात. म्हणून दोऱ्याला मेण.

मेणबत्तीचं मेण घेऊन बसू नका. मी पहिल्या हिवाळ्यात तेच केलं. ते नुसतं गुळगुळीत असतं, चिकटत नाही. शुद्ध मधमाशीचं मेणही एकट्याने पुरत नाही. दोरा बळकट करायला ते छान, पण केस धरून ठेवायला चिकटपणा लागतो आणि तो येतो राळेतून. चांभार दोऱ्याला लावायला जे मेण वापरतात, त्यात राळ असते ती याचसाठी. इंग्लंडातले जुने माशीवाले हेच चांभारी मेण वापरायचे.

विकत घ्यायचं असेल तर मासेमारीच्या दुकानात लून कंपनीचं स्वॅक्स मिळतं, कमी चिकट आणि जास्त चिकट अशा दोन प्रकारांत. जास्त चिकट घ्या. वॅप्सीची कांडीही चालते. म्हातारी मंडळी ओव्हर्टनच्या वंडर वॅक्सची आठवण काढून उसासे टाकतात. ते केव्हाच बंद झालं, तेव्हा त्याच्या मागे लागू नका.

आता जुगाड. अमेरिकेत कमोड जमिनीवर बसवताना खाली मेणाचं जाड कडं घालतात. हार्डवेअरच्या दुकानात एका कॉफीच्या पैशात मिळतं, आणि एका कड्यात तुमचा आणि तुमच्या मुलांचा जन्म निघेल. नवीन कडंच घ्या, हे सांगायला नको, पण माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. प्लास्टिकची नळी नसलेलं साधं कडं बघा. ते पेट्रोलियमचं मेण असतं, मऊ आणि बऱ्यापैकी चिकट. लिप बामच्या रिकाम्या नळीत भरलं की झालं. मऊ केसांना, म्हणजे मस्करॅटच्या (पाण्यात राहणारा उंदरासारखा प्राणी) वगैरे, हे पुरतं. सशाच्या राठ केसांना थोडं कमी पडतं.

धनुष्याच्या दोरीला लावायचं मेणही चालून जातं. ब्यूटी पार्लरच्या वॅक्सबद्दल मात्र सांभाळून. साखर-लिंबाचं किंवा मधाचं वॅक्स पाण्यात विरघळतं, आणि आपली माशी पाण्यातच जाणार आहे! दाण्यांच्या स्वरूपात मिळणाऱ्या कडक वॅक्समध्ये बऱ्याचदा राळ असते. पाकिटावर घटक वाचून बघा. वहिनीने दिलेलं तसलं अर्धं पाकीट मी एरंडेलाचे चार थेंब घालून वितळवलं आणि ते एक हिवाळा पुरलं. वास गुलाबाचा होता. ट्राउटची तक्रार आली नाही.

पण माझं खरं प्रेम घरी शिजवलेल्या मेणावर. प्रमाण वजनी घ्या: राळ 40 ग्रॅम, मधमाशीचं मेण 10 ग्रॅम, एरंडेल तेल 6 ते 8 ग्रॅम.

राळ म्हणजे चीडाच्या झाडाची, मधासारख्या रंगाची, काचेसारखी फुटणारी. व्हायोलिनच्या गजाला लावतात ती आणि रेडिओ दुरुस्तीवाले डाग देताना वापरतात ती, हीच. महाराष्ट्रात काष्ठौषधीच्या दुकानात नुसतं ‘राळ’ म्हटलंत तर शालवृक्षाची राळ हातात पडू शकते, म्हणून चीडाची असं स्पष्ट सांगा. जितकी फिकट मिळेल तितकी बरी, कारण काळपट मेणाने दोऱ्याचा रंग बदलतो. मे महिन्यात इथे सल्फर नावाचे फिकट पिवळे किडे निघतात. त्यांच्यासाठी मी पिवळा दोरा घेतला, गडद मेण लावलं आणि सगळ्या माश्या शेवाळी रंगाच्या झाल्या. गंमत म्हणजे यॉर्कशायरकडच्या जुन्या माश्यांत हाच दोष गुण ठरतो. तिथे पिवळ्या रेशमाला गडद मेण मुद्दाम लावतात, म्हणजे त्यावर हिरवट झाक येते. मला मात्र पिवळं हवं होतं.

मेण मी शनिवारच्या बाजारात मध विकणाऱ्या बाईंकडून घेते. पुण्या-साताऱ्याकडे असाल तर महाबळेश्वरच्या बाजूच्या मधवाल्यांकडे विचारा. पांढरं केलेलं मेण मिळालं तर फिकट दोऱ्यांसाठी उत्तमच.

भांडं वेगळं ठेवा. मी पहिल्यांदा दुधाचं पातेलं घेतलं आणि नंतर ते टाकावं लागलं. आता टोमॅटोचा रिकामा डबा वापरते. एका पसरट भांड्यात पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात डबा. थेट आचेवर कधीही नाही, कारण राळ आणि मेण दोन्ही भुरकन पेट घेतात. झाकण हाताशी असू द्या. पेटलंच तर झाकण टाकून गॅस बंद करायचा, पाणी ओतायचं नाही. खिडकी उघडा, राळेच्या धुराने घसा धरतो. काही जणांना राळेची त्वचेवर ॲलर्जीही येते, बोटांना खाज सुटली तर हा नाद सोडा आणि कमोडच्या कड्याकडे वळा.

आधी राळ फोडून बारीक करा आणि एकटीच वितळू द्या. उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर तिला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. मेण त्या मानाने लवकर, साधारण 63 अंशांना वितळतं, म्हणून ते मागून घालायचं. मग एरंडेल, पण एकदम सगळं नाही. आधी 6 ग्रॅम घाला, काडीने ढवळा आणि थंड बशीवर एक थेंब टाका. दोन मिनिटांनी तो थेंब चिमटीत दाबून बोटं अलग करा. हे अगदी पाक बघण्यासारखं आहे. कडक होऊन तडकला तर तेल कमी आहे. बोटांना ओघळला तर तेल जास्त झालं, मेण वाढवा. दोन बोटांमध्ये एक तार सुटून सेंटिमीटरभर ताणली गेली की समजा जमलं. एकतारीच. दोनतारीपर्यंत नेऊ नका.

आता दोन वाटा आहेत. सोपी अशी की मिश्रण जरा निवलं की लिप बामच्या नळीत ओतायचं. दुसरी जुनी आणि मजेची. मिश्रण थंड पाण्याच्या कढईत ओतायचं, बाहेरून घट्ट झालं की ओल्या हातांनी उचलायचं आणि ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. रेवडीवाले खुंटीला पाक अडकवून ओढतात ना, तसं. आत अजून गरम असतं, घाई केली तर चटका बसतो, माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा. ओढता ओढता तपकिरी मेण चांदीसारखं चमकायला लागतं आणि चिवट होतं. मग सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या.

इथे जानेवारीत तळघर इतकं गार असतं की तेच मेण दगड होतं. म्हणून मी दोन घाणे करते. हिवाळ्याचा घाणा 8 ग्रॅम तेलाचा, उन्हाळ्याचा 6 चा. सोलापूरच्या एप्रिलसाठी करायचं झालं तर मी 4 वरूनच सुरुवात करेन. मध्येच कडक वाटलं तर गोळी पाच मिनिटं काखेत. हसू नका, कामाला येतं.

वापरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे जास्त लावणं. आकड्याखाली लोंबणाऱ्या दोऱ्यावर, चार-पाच सेंटिमीटर, एकदाच झटकन घासा. झटकन घासलं की घर्षणाने मेण मऊ होऊन बसतं. सावकाश घासलं तर बारीक दोरा तुटतो. मेण दोऱ्याला लावायचं, बोटांना नाही. बोटं चिकट झाली की केस बोटांनाच येतात. मग पिंजलेले केस इतके विरळ घ्या की हे पुरणार नाहीत असं वाटावं, आणि एकाच दिशेने वळा. उलट-सुलट वळलं तर वात सुटते, हे आजीचंच.

सशाचे केस अगदी बारीक कातरून वेगळीही एक पद्धत करता येते, तिला टच डबिंग म्हणतात. दोऱ्याला खूप चिकट मेण लावायचं, केस नुसते त्याला टेकवायचे, लागतील तेवढे लागू द्यायचे आणि वळायचंच नाही. दोरा गुंडाळला की केस चहूकडे उभे राहतात, पाण्यात हलतात. गोल्ड-रिब्ड हेअर्स इअर नावाची माशी अशीच केली तर अस्ताव्यस्त, पण जिवंत दिसते. घरच्या मेणाचा खरा उपयोग इथेच. सिंथेटिक मऊ डबिंगला, किंवा कारखान्यातूनच मेण लावून येणाऱ्या युनी-थ्रेडसारख्या दोऱ्याला, बहुतेक वेळा काहीच लागत नाही.

हाताला लागलेलं मेण साबणाने निघत नाही. आधी खोबरेल चोळा, मग साबण. कात्रीची पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आणि नळीवर नाव लिहून ठेवा. माझ्या पर्समधल्या दोन नळ्या एकसारख्या होत्या, आणि थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी मी ओठांना चुकीची लावली.