आक्रमक वनस्पती शिकवायच्या तर आधी पेन्सिल हातात द्या

आक्रमक वनस्पतींचा धडा बहुतेक वर्गांत व्याख्येने सुरू होतो आणि व्याख्येपाशीच संपतो. मुलं उत्तरपत्रिकेत ‘मूळ प्रदेशाबाहेर पसरून स्थानिक जीवसृष्टीला हानी पोहोचवणारी वनस्पती’ असं बिनचूक लिहितात आणि मैदानाच्या कडेला माजलेल्या घाणेरीसमोरून तिला न ओळखता निघून जातात. मग उपक्रम म्हणून शेवटच्या तासाला पोस्टर काढायला सांगितलं जातं. पोस्टरवर गाजरगवताला सुळे फुटलेले असतात, जलपर्णीला रागीट डोळे असतात आणि खाली एक घोषणा.

हा क्रम उलटा करायला हवा. चित्र हे निरीक्षणाचं साधन आहे, ते शिकून झाल्यावरची सजावट नाही. एखादं पान वीस मिनिटं बसून काढलं की त्याची कड, शिरा आणि लव डोळ्यात बसते, ती फोटो पाहून बसत नाही. १६९९ साली मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तिथे तिने सुरवंट, त्यांची फुलपाखरं आणि ती ज्या झाडावर जगतात ते झाड, हे सगळं एकाच चित्रात आणलं. कीटक आणि वनस्पती यांचं नातं तिने चित्रातून नोंदवलं. आपल्याला वर्गात साधारण तेच करायचं आहे.

पुढचा आराखडा पाचवी ते नववीच्या मुलांसाठी आहे. पाच-सहा तासिका पुरतात. बियांचा प्रयोग मध्येच लावून ठेवायचा आणि बाकीचं काम त्याच्या आजूबाजूला चालू ठेवायचं.

आधी वनस्पती निवडा, आणि सुरक्षितपणे

एका वर्गाला तीनच वनस्पती द्या. घाणेरी (टणटणी), जलपर्णी आणि गाजरगवत हे त्रिकूट चांगलं, कारण तिघींच्या पसरण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि बिया लांबवर टाकतात. जलपर्णी मुख्यतः फुटव्यांनी वाढते. एका रोपाला आडवा धुमारा फुटतो आणि टोकाला नवं रोप तयार होतं. गाजरगवताचा सगळा भर बियांवर. एकेका झाडाला पंधरा-वीस हजारांवर बिया धरू शकतात.

गाजरगवत मुलांच्या हातात अजिबात देऊ नका. त्याने त्वचेवर पुरळ उठतं आणि परागकणांनी दम्याचा त्रास होऊ शकतो. शिक्षकाने हातमोजे आणि मास्क घालून एक फांदी वाळवून, दाबून पारदर्शक पाकिटात बंद करावी. मुलं पाकिटावरूनच चित्र काढतील. घाणेरी हाताळता येते, पण तिचे काटे बारीक आणि मागे वळलेले असतात, आणि हिरवी फळं विषारी असतात. जलपर्णी सांडपाण्याच्या तळ्यातून आणू नका. ती पाण्यातले जड धातू शोषून घेते, ते तुमच्या टेबलावर यायला नकोत.

आणि बिया धरलेली किंवा फळं असलेली फांदी वर्गात आणायची नाही. पसरणाऱ्या वनस्पतीबद्दल शिकवताना आपणच ती पसरवली, असं व्हायला नको.

पहिलं चित्र: कागदाकडे न बघता

पहिली दहा मिनिटं एकच नियम: डोळे वनस्पतीवर, कागदावर नाहीत. पेन्सिल न उचलता पानाच्या कडेने नजर जितक्या वेगाने सरकते तितक्याच वेगाने रेघ ओढायची. चित्रं वेडीवाकडी येतात, वर्ग हसतो, आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या मुलांची भीती जाते. चित्रकलेत हुशार असलेलं मूलही या दहा मिनिटांत बाकीच्यांच्याच रांगेत असतं.

दुसरं चित्र बघून, सावकाश. इथे विज्ञानाच्या अटी घाला: शेजारी मोजपट्टी ठेवून मापाची रेघ काढा, पानं खोडावर समोरासमोर आहेत की आळीपाळीने, ते दाखवा, खोड आडवं कापलं तर कसं दिसेल ते बाजूला छोट्या चौकटीत काढा. घाणेरीचं खोड बोटांत फिरवलं की ते गोल नाही, चौकोनी आहे, हे कळतं. (फिरवताना काट्यांपासून सांभाळून.) जलपर्णीचा फुगीर देठ शिक्षकाने उभा चिरून दाखवावा. आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या दिसतात, आणि त्या भिंगाखाली काढता काढता ‘ही तरंगते कशी’ या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

घाणेरीच्या फुलांवर मात्र अख्खी तासिका खर्च करा. तिच्या एका गुच्छात वीस-तीस छोटी फुलं असतात. मुलांना सांगा, प्रत्येक छोटं फूल वेगळं काढा आणि जसं दिसतं तसंच रंगवा. रंगवताना कुणीतरी विचारतंच की मधली पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी का? सगळ्या गुच्छांत असंच का? उत्तर लगेच देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच गुच्छाचं पुन्हा चित्र काढायला लावा. काल पिवळी असलेली काही फुलं आज रंग बदललेली दिसतात. म्हणजे मधली ताजी, कडेची जुनी. आता सांगा की मध असतो तो पिवळ्या फुलांत. परागण झालं की रंग पालटतो, तरी जुनी फुलं गळत नाहीत आणि गुच्छ लांबून भरगच्च दिसत राहतो. फुलपाखरू जवळ आलं की सोंड पिवळ्या फुलातच घालतं. मुलांना हे झुडपापाशी उभं राहून तपासता येतं: कोणत्या रंगाच्या फुलावर किती वेळा सोंड गेली, खुणा करा आणि मोजा.

सगळ्या रंगांच्या बागेतल्या जाती अशा वागतीलच असं नाही. काही जातींची फुलं एकाच रंगाची असतात. तसं झुडूप वाट्याला आलं तर तीही नोंदच आहे.

पानांच्या शिरांसाठी पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा घासा. घाणेरीचं खरखरीत पान यासाठी उत्तम. शिरांचं जाळं इतकं स्वच्छ उमटतं की तोच ठसा पुढे ओळखपत्रावर चिकटवता येतो.

नकाशा: ही इथे आली कशी?

भिंतीवर जगाचा मोठा नकाशा हाताने काढा. प्रत्येक वनस्पतीच्या मूळ प्रदेशापासून ती जिथे पोहोचली तिथपर्यंत रंगीत दोरा ताणा. दोऱ्याचा रंग कारणाप्रमाणे ठेवा: शोभेसाठी आणली तर लाल, उपयोगासाठी मुद्दाम लावली तर हिरवा, नकळत आली तर काळा.

घाणेरी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. बागेत शोभेचं झुडूप म्हणून जगभर गेली. जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तीही जांभळ्या फुलांच्या मोहाने तळ्यातळ्यांत सोडली गेली. नकाशावर आणखी दोन वनस्पती घ्या. कुडझू ही जपानी वेल १८७६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे जमिनीची धूप थांबवायला मुद्दाम लावली गेली. वेडी बाभूळ जळणासाठी आणि ओसाड जमिनीवर हिरवळ यावी म्हणून अनेक कोरड्या देशांत लावली गेली. गाजरगवत बहुधा धान्यात मिसळून आलं.

दोरे ताणून झाले की लाल रंग डोळ्यात भरतो. म्हणजे यातल्या कितीतरी वनस्पती माणसाला सुंदर वाटल्या म्हणून आल्या. सुळेवाल्या पोस्टरवरचा माझा आक्षेप इथे आहे. झाड कुठून चालून आलेलं नाही, त्याला कुणीतरी जहाजात चढवलं. ‘शत्रू’, ‘हल्ला’ हे शब्द वापरले की मुलं ‘परदेशी म्हणजे वाईट’ असा निष्कर्ष काढतात, आणि तो विज्ञानाच्या दृष्टीनेही चूक आहे. मका, बटाटा आणि टोमॅटो हेही अमेरिका खंडातून जगभर पसरले. जैवविविधतेवर काम करणाऱ्या ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०२३च्या अहवालानुसार, माणसाने नव्या प्रदेशात नेलेल्या वनस्पतींपैकी सुमारे ६ टक्केच आक्रमक ठरल्या आहेत. त्याच अहवालात आक्रमक जीवांमुळे जगाचं होणारं नुकसान २०१९ साली वर्षाला ४२३ अब्ज डॉलरांहून जास्त होतं, असंही म्हटलं आहे. दोन्ही आकडे एकाच फळ्यावर शेजारी लिहा आणि मुलांना वाद घालू द्या.

दुपटीचं चित्र

संपूर्ण उपक्रमातला सगळ्यात परिणामकारक भाग हा. मोठ्या कार्डशीटवर दीड-दीड सेंटिमीटरचे ३२ आडवे आणि ३२ उभे चौकोन आखा. एकूण १,०२४ चौकोनांचं तळं. अनुकूल हवेत जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका चौकोनात एक रोप रंगवून सुरुवात करा. प्रत्येक फेरी म्हणजे दोन आठवडे, आणि प्रत्येक फेरीत हिरवे चौकोन दुप्पट.

पहिल्या चार-पाच फेऱ्या मुलांना कंटाळवाण्या वाटतात. पाचव्या फेरीनंतर, म्हणजे दहा आठवडे उलटल्यावर, ३२ चौकोन भरलेले असतात, तळ्याचा जेमतेम ३ टक्के भाग. इथे थांबा आणि विचारा: तुम्ही तळ्याचे राखणदार असाल तर आत्ता काही कराल का? बहुतेक मुलं नाही म्हणतात. पुढे चला. सहाव्या फेरीला ६४, सातव्याला १२८. आठव्या फेरीला वर्गातले सगळे हात रंगवायला लागतात. नवव्या फेरीला अर्धं तळं हिरवं, आणि दहाव्या फेरीला पाणी दिसत नाही. नवव्या आणि दहाव्या फेरीत अंतर फक्त दोन आठवड्यांचं.

मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न द्या: खऱ्या तळ्यात अशी दुप्पट शेवटपर्यंत होईल का? जागा, ऊन आणि पोषण कमी पडलं की वेग मंदावतो. दोन्ही आलेख शेजारी काढायला लावा, एक चढतच जाणारा आणि एक वर जाऊन सपाट होणारा. मग झाकलेल्या पाण्याखाली काय होतं ते बोला: उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

चौकट घेऊन बाहेर

दोरी आणि चार काठ्यांची एक मीटर बाजूची चौकट करा. आत दोऱ्यांनी १० बाय १० घरं पाडली की प्रत्येक घर म्हणजे एक टक्का. चौकट घाणेरीच्या जाळीच्या कडेला एकदा आणि तसाच उजेड असलेल्या मोकळ्या जागी एकदा ठेवा. आलेखाच्या कागदावर तीच १०० घरं आखून, ज्या घराचा अर्ध्याहून जास्त भाग ज्या वनस्पतीने व्यापला आहे तिचा रंग भरा. नावं माहीत नसली तरी अडत नाही. ‘गोल पानाची’, ‘केसाळ खोडाची’ अशी कामचलाऊ नावं द्या. शेवटी दोन कागद शेजारी टांगले की रंगांच्या संख्येतला फरक दिसतो. हा कागद चित्रही आहे आणि माहितीचा तक्ताही. एका चौकटीवरून निष्कर्ष काढू नका, प्रत्येक गटाने निदान तीन-तीन ठेवाव्यात.

बियांचा प्रयोग

घाणेरी आसपासच्या रोपांना वाढू देत नाही, हे तपासायला सोपं आहे. वाळवलेली १० ग्रॅम पानं १०० मिलिलिटर पाण्यात एक दिवस भिजवून गाळून घ्या. सहा बशांत ओला टिपकागद घालून प्रत्येकीत मोहरीच्या २० बिया ठेवा. तीन बशांना साधं पाणी, तीन बशांना पानांचा अर्क. उजेड आणि पाण्याचं प्रमाण सारखंच. रोज कोंब मोजा, आणि मुळांची चित्रं खऱ्या मापाची काढा, एका पट्टीवर एका दिवसाची. आठवड्याच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या की मुळांच्या वाढीचं चलच्चित्रच तयार होतं. फरक फारसा दिसला नाही तर तसंच लिहा. आकडे सुधारू देऊ नका.

हाताला काम, आणि शेवटची परीक्षा

वेळ असेल तर जलपर्णीच्या देठांचा कागद करून बघा: तुकडे करून धुण्याच्या सोड्यात शिजवायचे (हे काम मोठ्यांचं), भरपूर धुवायचे, रद्दी कागदाच्या लगद्यात मिसळायचे आणि जाळीवर पसरायचे. नुसत्या जलपर्णीचा कागद नाजूक होतो, म्हणून रद्दी लागतेच. निळ्या छापाचा (उन्हात निळा पडणारा) कागद मिळाला तर दाबलेली फांदी त्यावर ठेवून उन्हात छाप घ्या. ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिअभ्यासक बाईंनी १८४३ सालापासून शेवाळांच्या नोंदी याच पद्धतीने केल्या. आणि निलगिरीतल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या फांद्यांपासून बांधलेले खऱ्या आकाराचे हत्ती मुलांना जरूर दाखवा. २०२१ साली ते लंडनच्या बागांमध्ये उभे होते. वस्तू बनवून घाणेरी संपत नाही, हेही सोबत सांगा. पण काढलेल्या फांद्यांना किंमत आली तर ती काढायला माणसं पुढे येतात.

परीक्षा लेखी नको. एकाने काढलेलं चित्र नाव खोडून दुसऱ्या गटाला द्या आणि बाहेर जाऊन तीच वनस्पती शोधायला सांगा. गाजरगवताचं कोवळं रोप शेवंतीसारखं दिसतं, तिथे चित्राचा कस लागतो. त्याची इवली पांढरी फुलं भिंगाखाली पाच टोकांची दिसतात. ज्या मुलाने पाकिटावरून ती पाच टोकं नीट काढली असतील, त्याचं चित्र घेऊन निघालेला गट चुकत नाही. शोध मात्र लांबूनच, बोट दाखवून. चित्रावरून वनस्पती सापडली नाही तर चित्रकाराने काय राहिलं ते शोधून चित्र दुरुस्त करायचं.

आवराआवरीच्या वेळी उरलेल्या फांद्या कंपोस्टात टाकू नका. काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही आठवडे कडक उन्हात ठेवा, पूर्ण वाळल्याची खात्री करा आणि मगच टाका. जलपर्णीचं तर हिरवं रोप पुन्हा कुठल्याच पाण्यात जाता कामा नये.