मोहोळाला हात लावण्याआधी

पहिली तयारी डोळ्यांची. बुरखा, धुराडं, सुरी नंतर. आधी माशी कोणती ते लांबून नीट बघा, कारण पुढची सगळी यादी त्यावर ठरते. इमारतीच्या छज्जाखाली, टाकीच्या तळाशी किंवा पुलाखाली उघड्यावर लोंबणारं एकच मोठं पोळं असेल तर ते आग्याचं. भिंतीच्या भगदाडात किंवा झाडाच्या ढोलीत, अंधारात ओळीने पोळी बांधते ती सातेरी. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं दिसलं तर ती फुलोरी. तिला राहू द्या.

आग्यासाठी पेटी नेऊ नका. ही माशी पेटीत नांदत नाही, आणि मोसम पालटला की आपणहून उठून जाते. म्हणून सोसायटीच्या सभेत ‘थांबूया’ हा पर्याय सगळ्यांत आधी मांडा. तोवर गच्चीचं दार बंद, जवळच्या खिडक्यांना जाळी, आणि रात्री पोळ्यालगतचा दिवा बंद, कारण आग्या उजेडाकडे झेपावते. संक्रांतीच्या दिवसांत त्या बाजूला पतंग उडवू देऊ नका.

काढावंच लागलं तर दोरावर काम करणारा, आग्याची सवय असलेला माणूसच बोलवा. सोसायटीच्या माळ्याला शिडीवर चढवणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. येणाऱ्याला आधीच विचारा, औषध मारणार का, पलिता लावणार का? एकालाही ‘हो’ आलं तर दुसरा माणूस शोधा. नुसता मध हवा असेल तर जाणकार माणूस वरच्या कोपऱ्यातला मधाचा फुगीर भाग तेवढा कापतो आणि पिल्लांचा पसरट भाग तसाच ठेवतो. त्यामुळे वसाहत बहुधा टिकते. पोळ्यावर लाटेसारखी थरथर धावताना दिसली किंवा वर मधुबाज (पोळी फोडून खाणारा शिकारी पक्षी) घिरट्या घालत असेल, तर त्या दिवशी काम नको. आणि वॉचमनला विचारून घ्या, तिथे पूर्वी फवारणी झाली होती का. झाली असेल तर तो मध कुणाच्याही तोंडाला लागता कामा नये.

सातेरीची गोष्ट वेगळी, तिला खरोखर घर देता येतं. रिकामी मधपेटी चौकटींसह, धारदार सुरी, घमेलं, पाण्याचा डबा, मऊ पीस, केळीच्या सोपाचे धागे किंवा जाड सुती दोरा, आणि लाल कागद गुंडाळलेला टॉर्च; लाल उजेड माशांना जवळजवळ दिसत नाही. धुराड्यात नारळाच्या शेंड्या भरा, धूर गार आणि थोडाच हवा. इमारतीत आगीचा अलार्म असेल तर आधी सांगून ठेवा. काम संध्याकाळी, बाहेर गेलेल्या माशा परतल्यावर. पोळी एकेक करून कापा. मधाचा भाग वेगळा काढा, पिल्लांचा भाग चौकटीत पूर्वी होता तसाच सरळ धरून दोऱ्याने बांधा. उलटा बांधू नका. दोरा माशा पुढे स्वतःच कुरतडून टाकतात. आता जीव राणीत ठेवा. ती पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग आत शिरतात. नाही गेली तर सगळी मेहनत वाया. सातेरी पळपुटी, म्हणून पहिले काही दिवस दाराला राणी अडवणारी जाळी लावा. पेटी जुन्या जागेपासून दोन-तीन किलोमीटर लांब न्या, नाहीतर कामकरी माशा जुन्याच भगदाडाशी जमतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो. बाकी शेवगा, नारळ आणि खाडीकाठची तिवरं पोसतात.

अंगावर फिकट, सैल, जाड कपडे, पायजम्याची टोकं मोज्यांत. अत्तर आणि काळी लोकर घरी. डंख झाला की नांगी नखाने लगेच खरवडून काढा. तिची विषाची पिशवी नंतरही पिचकत राहते, आणि तिथून सुटणारा पिकल्या केळ्यासारखा वास इतर माशांना बोलावतो. माशा मागे लागल्या तर पाण्यात उडी न मारता बंद खोलीत शिरा. ओठ-घसा सुजला, दम लागला, भोवळ आली की वाट बघायची नाही, 108 ला फोन. पूर्वी डंखाने असा त्रास झालेला माणूस या कामाला घेऊच नका.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात यातलं काहीही करायचं नाही, तिथल्या मोहोळांना कायद्याचं संरक्षण आहे. रीतसर शिकायचं असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय.

मधासाठी कोरड्या काचेच्या बरण्या आणि स्वच्छ मलमल. पोळं पिळू नका, आपोआप गळू द्या; पिळलं की पिल्लांचा रस त्यात उतरतो. आग्याच्या मधात पाण्याचा अंश बऱ्याचदा 20 टक्क्यांच्या वर असतो, त्यामुळे तो आंबतो. बरणी गच्च भरू नका, फ्रिजमध्ये ठेवा. आणि शेजारी वाटताना घरात तान्हं बाळ आहे का ते विचारा. बारशाला मध चाटवायची कितीही हौस असली, तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही.